चव्वेचाळीस कांद्यांचा गॅलन

मी जुनी पाटी आहे, मित्रांनो, आणि रागावलेली आहे. राग उतरला की मग बोलू, असं म्हणत दोन वर्षं गप्प राहिले. तो काही उतरत नाही. तेव्हा आता रागातच ऐका, आणि मधे चुळबुळ करू नका.

चाकणला नाशिकच्या रस्त्यावर, बाजारतळाच्या अलीकडं, हातानं चालवायचा एक पेट्रोलपंप आहे. तांबडा रंगवलेला, माणसापेक्षा उंच, डोक्यावर काचेच्या दोन बरण्या. एका बरणीत अर्धा गॅलन मावतो. कोंडाजी नावाचा गडी दांडा मागं-पुढं करतो, एक बरणी भरते, ती रिकामी होईस्तोवर दुसरी भरते. त्या पंपाशेजारच्या खांबावर मी लटकत होते. माझ्यावर एकच गोष्ट लिहिलेली असायची, एका गॅलनचा भाव. भाव मी ठरवत नव्हते. मी तो सांगत होते. एवढा फरक शेंबड्या पोरालाही कळेल, पण मोठ्या मिशीवाल्यांना कळला नाही, म्हणून तर ही गोष्ट सांगावी लागते.

माझं कूळ काही हलकंसलकं नाही. पाटी होण्याआधी मी लष्कराच्या लॉरीचा मागचा फाळका होते. लढाईच्या दिवसांत देहूरोडच्या डेपोतून आमची लॉरी निघायची ती थेट खंडाळ्याचा घाट उतरायची. किती पेट्रोल प्याली, कितीला पडलं, हे मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बाहेर मात्र लोक कुपनं हातात धरून एकेका गॅलनसाठी उभे असायचे. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की पेट्रोलचा भाव सगळ्यांना सारखा नसतो. पण पत्र्याला अक्कल उशिरा येते. माणसालाही.

लढाई संपली, लॉऱ्या लिलावात निघाल्या. आमची लॉरी चाकणच्या भैरूनं घेतली. दोन एकर रान गहाण टाकून घेतली. कांद्या-बटाट्याची पोती पुण्याला न्यायची तर फाळका उंच हवा, म्हणून त्यानं लाकडी फाळका बसवला आणि मला काढून अंगणात फेकलं. माझ्यावर कोंबड्या बसायला लागल्या. एक दिवस भैरूच्या बापाचा दोस्त अर्जुनराव आला. अर्जुनराव लष्करात लॉरी हाकायचा. त्यानं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "भैरू, ह्यो पत्रा मला दे. पंप घेतोय मी. पाटी करीन."

असा माझा दुसरा जन्म झाला. काठ ठोकून सरळ केले, गंज घासला, वर काळा रंग दिला. त्या काळ्यावर अर्जुनरावानं पांढऱ्या रंगानं पहिला भाव लिहिला, गॅलनला दोन रुपये सहा आणे. सन एकोणपन्नास. लोक नुसता पंप बघायला यायचे. काचेच्या बरणीत तांबूस पेट्रोल चढताना पाहून बाया तोंडाला पदर लावायच्या. माझ्याकडं बोट दाखवून अर्जुनराव म्हणायचा, "हितं घासाघीस न्हाई. ल्हानाला, मोठ्याला, एकच भाव." ते ऐकून माझा पत्रा ताठ व्हायचा. खोटं कशाला सांगू?

तीन वर्षांनी अर्जुनराव तापानं गेला. त्याची बायको रुक्मिणीबाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडा येत होता. कंपनीच्या लोकांना वाटलं, बाई पंप सोडेल. बाईनं तेराव्या दिवशी कुंचला उचलला, भाव फिका पडला होता तो पुन्हा गिरवला आणि कोंडाजीला म्हणाली, "दांडा हानायला लाग. बघतोस काय?"

पुढं भाव वाढत गेला. मुंबईच्या कंपनीकडून कागद यायचा, बाई रॉकेलच्या बोळ्यानं जुना आकडा पुसायची, नवा लिहायची. दोन रुपये आठ आणे. दोन रुपये दहा आणे. भाव का वाढला, हे कागदावर कधीच नसायचं. मी आता पश्चात्तापानं सांगते, की बाईनंही कधी विचारलं नाही. तिला आपल्या वाट्याचं ठाऊक होतं. गॅलनमागं दोन आणे. त्यात कोंडाजीचा पगार, दिव्याचं तेल, उन्हानं उडून जाणारं पेट्रोल आणि घर. रुपयाचे आणे सोळा; भाव अडतीस आणे होता तेव्हाही दोन आणे, बेचाळीस झाला तेव्हाही दोनच. उरलेले कुणाचे, हे तिनं विचारलं नाही आणि गावानं तर नाहीच नाही.

आता गावाची एक खोड सांगते. ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव तोंडानं होत नसे. अडत्या खांद्यावरचा रुमाल काढायचा, आपला हात नि घेणाऱ्याचा हात त्याखाली घालायचा, आणि दोघं बोटं दाबून भाव ठरवायचे. याला हत्ता म्हणतात. ज्यानं चार महिने राबून कांदा पिकवला, तो शेजारी उभा राहून रुमालाच्या सुरकुत्या बघायचा. सरकारनं हे बंद केलंय म्हणायचे. रुमालाला कुठं वाचता येतं? पिढ्यान्‌पिढ्या हेच बघत आल्यामुळं गावाची एक पक्की समजूत झाली होती. खरा भाव झाकलेला असतो. उघड्यावर लिहिलेला तो लोकांना फसवायला. आता बोला! जी पाटी काही लपवत नव्हती, तिच्यावरच संशय.

सन छप्पनच्या दिवाळीआधी कागद आला आणि माझ्यावर दोन रुपये बारा आणे चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी भैरूची लॉरी पंपावर लागली. भैरूशेजारी आबाजी अडत्या बसला होता. आबाजीच्या खांद्यावर तो रुमाल होताच. तो अंघोळीलाही काढत नसावा.

भैरूला पोत्यामागं एक आणा भाडं वाढवून हवं होतं. आबाजीला ते द्यायचं नव्हतं. मग आबाजीनं काय केलं? भैरूचा राग उचलून माझ्या दारात आणून ठेवला.

"काय वहिनी," तो खाली उतरत म्हणाला, "सणासुदीला पुन्ना दोन आणे?"

"मी न्हाई वाढवलं. कागूद आला," बाई म्हणाली.

"कागूद! कागूद काय, कुनीबी लिवतंय. इतका उघडा भाव टांगलाय म्हंजे खरा भाव दुसरीकडं हाय. आमी काय आज बाजारात बसतोय व्हय?"

भैरूनं माझ्याकडं पाहिलं, मग बाईकडं. "काकी, खरं सांग. तुजं नि कंपनीचं रुमालाखाली किती ठरलंय?"

"तुजं लगीन ठरलं तवा रुमाल घातला व्हता का रे? न्हाई ना? मंग ह्यातबी न्हाई."

कोंडाजी हसला. तिथंच चुकलं. भैरूला हसणं सोसत नाही. त्याचा चेहरा लाल झाला. रस्त्याच्या कडेला बैलगाड्या थांबायच्या, तिथून त्यानं ओंजळभर शेण उचललं आणि माझ्या तोंडावर मारलं. बारा आण्यांवर, दोन रुपयांवर, सगळीकडं फासलं.

"खा आता!" तो म्हणाला.

मित्रांनो, ज्या लॉरीतून तो उतरला तिचाच मी पत्रा. कोंबड्यांच्या घाणीतून उठले, आणि पुन्हा त्याच माणसाच्या हातून शेणात गेले. तेही कशापायी? तर खरं बोलले म्हणून.

तेवढ्यावर भागलं नाही. गावातल्या नऊ लॉरीवाल्यांनी चक्रेश्वराच्या पुढ्यात बेल उचलून शपथ घेतली, की बाईनं खाल्लेलं ओकेपर्यंत तिच्या पंपावर एक थेंब घ्यायचा नाही. पेट्रोल पुण्यात खडकीला भरायचं. तिथंही भाव तोच होता, एखाद-दुसऱ्या पैशाचा फरक. पण तिथल्या पाटीवर त्यांचा संशय नव्हता, कारण तिथं ओळखीचं कुणी बसलेलं नव्हतं!

कोंडाजी फडकं घेऊन आला तेव्हा बाईनं त्याचा हात धरला.

"ठेव ते. ज्यानं फासलं त्यानंच पुसायचं."

"अवो पन गिऱ्हाईक भाव कसा वाचंल?"

"तोंडानं इचारतील. मी हाय की हितं."

शेण वाळलं. त्याला भेगा पडल्या. दुपारच्या उन्हात माझ्या अंगाला खाज सुटायची. एसटीतून जाणारी माणसं खिडकीतून हसायची. बाई रोज सकाळी पंप पुसायची, बरण्या पुसायची, खांब पुसायची आणि माझ्यापाशी आली की पुढं जायची. तिचा ताठा मला आवडायचा आणि तिचा रागही यायचा. शेण माझ्या तोंडावर होतं, तिच्या नाही.

पंधरा दिवसांनी भैरू आला. बैलगाडीतून, हातात रिकामा डबा. खडकीचं पेट्रोल परतीच्या वाटेला जळालं आणि दुसऱ्या दिवशी माल भरून निघाला, तो मोशीपाशी लॉरी कोरडी ठणठणीत होऊन उभी राहिली. पोती उन्हात, पुण्यात लिलाव दहाला. त्यानं बाईपुढं डबा ठेवला आणि रस्त्याकडं बघत उभा राहिला.

"पाटी पूस. मंग डबा भरते," बाई म्हणाली.

"काकी, बेल उचललाय मी."

"मंग बेलच घाल लॉरीत."

"तुजं मन दगडाचं हाय."

"आन तुजं रं? अर्जुनरावाच्या ताटात जेवलास. त्येच्या पाटीवर शेन फासताना हात न्हाई कापला तुजा?"

भैरूनं डबा उचलला आणि गेला. ऐकलं ते असं, की त्या दिवशी माल तिसऱ्या प्रहरी पोहोचला आणि कांदा मातीमोलानं गेला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दोघंही उपाशी मरायला निघाले होते, नि ज्यानं भाव ठरवला त्याला या दोघांची नावंही माहीत नव्हती. याचा संताप मला अजून येतो.

मग कंपनीचं पत्र आलं. पोस्टमननं वाचून दाखवलं. पंपाचा महिन्याचा खप निदान पाचशे गॅलन पाहिजे. नोव्हेंबरात तो एकशे नव्वद झाला होता. डिसेंबर अखेर पाचशे भरले नाहीत तर पंप उपटून मंचरला नेणार, आणि दराची पाटी स्वच्छ नसल्याची तक्रारही आली आहे, ती तपासायला इन्स्पेक्टर येईल.

पत्र ऐकून बाईनं त्याची घडी घातली. कोंडाजीच रडवेला झाला. "मालकीन, पाटी पुसूया. पाया पडतो. पंप गेला तर माला कोन ठिवून घेनार हाय? हा एक हात दांडा हानून वाकडा झालाय."

बाई उठून माझ्यापाशी आली. अंगठ्याच्या नखानं तिनं माझ्या कोपऱ्यातलं शेण खरवडलं. अर्धा इंच काळा रंग उघडा पडला. मग तिनं हात मागं घेतला. त्या बाईला चार वर्षांत मी त्या एकाच वेळी डळमळताना पाहिलं.

इन्स्पेक्टर आला तो शनिवारी, भर बाजाराच्या दिवशी. मुंबईचा तरुण माणूस, इस्त्रीची विजार, काखेत कागदांची पिशवी. माझ्याकडं पाहून त्यानं नाकाला रुमाल लावला.

"बाई, हे काय? भाव दिसला पाहिजे. आणि हा नवा कागद. आजपासून दोन रुपये चौदा आणे."

"आनखी दोन आणे?"

"हो."

"का?"

मित्रांनो, सात वर्षांत त्या पंपावर हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. का.

साहेब गडबडला. "म्हणजे... तिकडं सुएझचा कालवा बंद झालाय. जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून यावं लागतं. भाडं वाढलं."

"म्हंजे ह्या दोन आण्यातला माजा किती?"

"तुमचा काही नाही. तुमचं कमिशन ठरलेलं आहे."

"ह्ये गावाला सांगाल?"

"मी कशाला सांगू?"

"मंग शेन कुनी फासलं त्येबी इचारू नगा," बाई म्हणाली. तिनं मला खांबावरून उतरवलं, शेणासकट डोक्यावर घेतलं आणि बाजाराची वाट धरली. साहेब पिशवी सांभाळत मागून धावला. त्याला तपासणीच्या कागदावर तिचा अंगठा हवा होता, तो घेतल्याशिवाय जाता येईना.

आबाजीच्या अडतीपुढं गर्दी होती. रुमालाखाली कुणाचा तरी हात होता. बाईनं सरळ मधे जाऊन दोन पोत्यांवर मला पालथं ठेवलं, तोंड खाली, पाठ वर. "व्हा बाजूला. आज माजा लिलाव हाय."

"वहिनी, हितं बायांचं काम न्हाई," आबाजी म्हणाला.

"कांदं खुरपायला बाया चालतात न्हवं? मंग इकायलाबी चालतील." तिनं पोत्यात हात घातला. "भैरू, कुटं हायेस? फुडं ये. मोज. कालचा भाव दोन रुपये बारा आणे, म्हंजे चव्वेचाळीस आणे. तेवढं कांदं ठेव ह्या पाटीवर. एक कांदा म्हंजे एक आणा. ह्यो झाला एक गॅलन."

भैरू गर्दीतून पुढं आला. मनात नसताना आला, पण कांदे मोजताना त्याचा हात आपोआप चालतो. माझ्या पाठीवर चव्वेचाळीस कांदे झाले.

"साहेब," बाई म्हणाली, "आता ज्येचा त्येचा वाटा उचला आन येगळा ढीग लावा. रुमाल न्हाई. बोटं उघडी."

साहेबानं इकडंतिकडं पाहिलं. दोनशे माणसं बघत होती. मला वाटलं, पळतो आता. पण त्यानं घाम पुसला, पिशवीतून एक कागद काढला आणि खाली वाकला. त्याच्या बाजूनं एवढं सांगते, की त्या पोराला खोटं बोलता येत नव्हतं.

"तयार पेट्रोल, परदेशी बंदरातल्या भावानं. नऊ." त्यानं नऊ कांदे उचलले. "जहाजाचं भाडं, विमा, वाटेतली गळती. तीन. दिल्ली सरकारचा कर. पंधरा."

"किती?" मागून कुणी तरी ओरडलं.

"पंधरा."

"आरं तेलापरीस करच मोठा!"

"गप ऐका," बाई म्हणाली. "फुडं?"

"मुंबई सरकारचा विक्रीकर. पाच. कंपनीचा खर्च आणि नफा. सात. मुंबईहून चाकणपर्यंत वाहतूक. तीन."

माझ्या पाठीवर दोन कांदे उरले. छोटे होते. त्यातल्या एकाला कोंब फुटला होता.

"आन ह्ये?" बाईनं विचारलं.

"हे तुमचे."

कुणी हसलं नाही. लोक ढीग बघत होते. कांदा म्हणजे काय, हे त्या माणसांना दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पंधरा कांदे नि दोन कांदे यातला फरक त्यांना पोटातून कळतो.

"आज आनखी दोन वाढल्यात," बाई म्हणाली. "त्ये कुनाच्या ढिगात, साहेब?"

साहेबानं पोत्यातून दोन कांदे घेतले आणि जहाजाच्या ढिगात ठेवले. तीनाचे पाच झाले.

भैरूनं डोकं खाजवलं. "साहेब, एक इचारू? मुंबईत तेल गाळायचा कारखाना झालाय म्हनं. मी भाडं घिऊन गेलो तवा लांबून धुराडी बघितली. मंग आमचं पेट्रोल मुंबईचं का भाईरचं?"

"तुमच्याकडं येतं ते... बहुतेक मुंबईचंच."

"मंग ह्या ढिगात ह्ये जहाज कशाचं?"

"कच्चं तेल जहाजानंच येतं."

"त्ये कळलं. पन तुमी तर तयार पेट्रोलाचं भाडं धरलंय."

"हिशोब तसा धरतात," साहेब हळूच म्हणाला. "पेट्रोल तिकडून आलं असतं तर केवढ्याला पडलं असतं, तसा."

"न आलेल्या जहाजाचं भाडं?"

बाजारात जी ओरड झाली ती मला अजून ऐकू येते. कुणी दिल्लीच्या नावानं, कुणी कंपनीच्या, कुणी जहाजाच्या. बाईनं हात वर केला तेव्हा ती थांबली.

"ओरडा की! सात वर्सं कुटं व्हता? मीबी कुटं व्हते म्हना. मीबी न्हाई इचारलं. पन शेन फासायला बरी माजी पाटी घावली. दिल्ली लांब पडती न्हवं!"

भैरू खाली बघत उभा होता. मग म्हणाला, "काकी, शपथ खाल्ली व्हती, तू खाल्लेलं ओकेपर्यंत म्हनून. तू खाल्लंच न्हाई, तर ओकनार काय? बेल मोकळा झाला."

त्यानं मला उलटवलं. कांदे घरंगळले. खांद्यावरचं उपरणं तोंडातल्या पाण्याच्या चुळीनं भिजवलं आणि माझं तोंड पुसायला लागला. दीड महिन्याचं वाळलेलं शेण होतं, सहज निघेना. नखानं खरवडलं, पुन्हा पाणी, पुन्हा खरवडलं. बाईनं मदत केली नाही. कुणालाही करू दिली नाही. मला दुखलं का? दुखलं. पण तसं दुखणं मी रोज घेईन.

आकडे दिसायला लागले तेव्हा भैरू उठला आणि आबाजीकडं वळला.

"शेट, आता तुमचा लिलाव. माज्या एका पोत्याचं कांदं मांडा. शेतकऱ्याचं किती, माज्या भाड्याचं किती, तुमच्या अडतीचं किती. रुमाल न्हाई. बोटं उघडी."

आबाजीनं खांद्यावरचा रुमाल झटकला, घडी केली आणि खिशात घातली. "मला पुन्याला जायचंय," तो म्हणाला आणि निघून गेला. भर बाजार सोडून गेला, मित्रांनो. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस.

त्या दुपारी नऊच्या नऊ लॉऱ्या पंपावर रांगेनं उभ्या राहिल्या. बाईनं आधी माझ्यावर नवा भाव लिहिला, दोन रुपये चौदा आणे. वाढीव भाव लिहिताना शिव्या न खाण्याची ती माझी पहिलीच वेळ. कोंडाजीचा वाकडा हात संध्याकाळपर्यंत थांबला नाही. डिसेंबर अखेर पाचशे सतरा गॅलन झाले. पंप मंचरला गेला नाही.

मग राग कशाचा, असं तुम्ही विचाराल. सांगते.

पुढच्या एप्रिलात आणे गेले आणि रुपयाचे शंभर नवे पैसे आले. कंपनीनं पांढऱ्या चकचकीत पत्र्याची नवी पाटी पाठवली. तिच्यावर माझा चौदा आण्यांचा आकडा सत्त्याऐंशी नवे पैसे होऊन बसला. खरं तर साडेसत्त्याऐंशी होतात. अर्धा पैसा गळाला, तो कुणाच्या ढिगातून? बाईच्या! पुढं दिल्लीचा ढीग आणखी वाढला. कालवा पुन्हा उघडला म्हणतात, पण जहाजाच्या ढिगातले दोन कांदे परत आल्याचं कुणी मला सांगितलेलं नाही. आता गॅलन जाऊन लिटर येणार अशी बोलणी चालली आहेत. माप लहान होईल, आकडा लहान दिसेल आणि लोक खूश होतील. व्हा खूश! मी बघते.

मला खांबावरून काढलं तेव्हा वाटलं, संपलं, आता पुन्हा कोंबड्या. पण बाईनं मला पंपाच्या खोलीत दारासमोर टांगलं, पाठ बाहेर करून. माझ्या पाठीवर तिनं पांढऱ्या रंगानं सात चित्रं काढली आहेत. अक्षर येत नाही ना तिला. तेलाचा डबा, एक जहाज, दिल्लीची मोठी खुर्ची, मुंबईची लहान खुर्ची, कंपनीची टोपी, एक लॉरी आणि शेवटी तिची बांगडी. प्रत्येकासमोर रेघा. भाव बदलला की ती इन्स्पेक्टरला बसवून चहा देते आणि रेघा कुठं वाढल्या ते सांगितल्याशिवाय कपबशी उचलू देत नाही. भैरू येतो, आधी आत येऊन माझी पाठ बघतो, मग बाहेर जाऊन पेट्रोल घेतो. हल्ली आबाजीच्या अडतीवर तो कांदे मांडायला लावतो. आबाजी मांडत नाही. पण रुमालाखाली हात घालताना आता तो आजूबाजूला बघतो. एवढं झालंय.

बांगडीसमोरच्या रेघा अजून दोनच आहेत.

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. भाव चढला की राग येणारच, यावा. पण जो समोर दिसतो त्याच्यावर तो काढून मोकळे होऊ नका. पाटी पुसा. ढीग मांडायला लावा. कुणाचा कांदा कुठं गेला ते विचारा, आणि उत्तर येईस्तोवर उठू नका.

आणि शेण रानात टाका. कांदा चांगला पोसतो.